निळ्या गाडीतलं पुस्तक

लुइझियाना राज्यातल्या क्लिंटन गावाच्या परिसरात १९६४ साली पुस्तकांच्या दोन गाड्या फिरायच्या. एक लाल, दुसरी निळी. दोन्ही ऑड्युबन विभागीय ग्रंथालयाच्या, दोन्ही जनतेच्या पैशावर चालणाऱ्या. लाल गाडी गोऱ्या वाचकांची, निळी काळ्यांची. काळ्या वाचकाच्या कार्डावर 'निग्रो' असा शिक्का असायचा. ग्रंथालयाच्या इमारतीत मात्र त्याने यायचं नाही, ही तिथली रीत.

७ मार्च १९६४. शनिवार, सकाळचे साडेअकरा. पाच काळे तरुण त्या इमारतीत शिरले. त्यांच्यातल्या हेन्री ब्राऊनने देवघेवीच्या टेबलापाशी जाऊन 'द स्टोरी ऑफ द निग्रो' हे पुस्तक मागितलं. टेबलावरच्या बाईंनी तालिका पाहिली. पुस्तक नव्हतं. राज्य ग्रंथालयाकडून मागवून घेते, आलं की टपालाने पाठवू किंवा तुम्ही घेऊन जा, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, आता निघा. ब्राऊन शेजारच्या खुर्चीवर बसला, बाकीचे चौघे त्याच्याभोवती उभे राहिले. कुणी आवाज चढवला नाही, कशाला हात लावला नाही. दहा-पंधरा मिनिटांत शेरीफ आला आणि शांतताभंगाच्या आरोपाखाली पाचही जणांना घेऊन गेला. ब्राऊनला १५० डॉलर दंड, नाहीतर ९० दिवस कैद. इतरांना ३५ डॉलर किंवा १५ दिवस.

हे सगळं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात आहे. २३ फेब्रुवारी १९६६ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी शिक्षा रद्द झाली. पाच विरुद्ध चार! ग्रंथालयात गप्प बसण्याने शांतता भंगत नाही, हे ठरवायलाही एवढी घासाघीस. त्याच निकालपत्रात आणखी एक बारीक तपशील आहे आणि तो वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. ब्राऊनने मागितलेलं पुस्तक खरोखरच आलं. टपालाने त्याच्या घरी पोचलं. सोबत सूचना होती : पुस्तक टपालाने परत करावं किंवा निळ्या गाडीत द्यावं.

मी सत्तावीस वर्षं एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. त्यामुळे या प्रसंगात मला आधी दिसतात त्या टेबलावरच्या बाई. तालिका पाहिली, दुसऱ्या ग्रंथालयाकडून पुस्तक मागवलं, वाचकाला पोच दिली. आंतरग्रंथालयीन देवघेव यापेक्षा चोख होत नाही. आमच्या अभ्यासक्रमात असतं तर त्यांना दहापैकी दहा गुण मिळाले असते. पुस्तकाचा लेखक आर्ना बोंटेम्प हा स्वतः फिस्क विद्यापीठाचा ग्रंथपाल, आणि काळा. म्हणजे तो क्लिंटनला आला असता तर त्यालाही निळ्या गाडीची वाट पाहावी लागली असती.

आमच्या पेशात एक गोष्ट पहिल्याच वर्षी कानावर पडते : ग्रंथपालाला मत नसतं. वाचक कोण, का वाचतोय, हे विचारायचं नाही. मागेल ते द्यायचं. १९६२ साली डी. जे. फॉस्केट या इंग्रज ग्रंथपालाने तर काम करताना ग्रंथपालाला ना राजकारण, ना धर्म, ना नीती, हेच आपल्या पुस्तिकेचं शीर्षक केलं. ही शिकवण मला आवडत आलेली आहे, आजही आवडते. प्राचार्यांपासून संस्थाचालकांपर्यंत सगळ्यांना 'पुस्तक सगळ्यांसाठी आहे' असं सांगण्याची ताकद तिच्यातूनच येते. पण अमेरिकेतल्या ग्रंथालयांचा शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास उलगडत गेले तसतसं कळत गेलं, की आम्ही जिला तटस्थता म्हणतो ती पुष्कळदा आधीच कुणीतरी लावून ठेवलेल्या मांडणीला हात न लावणं असतं.

मांडणी लावणाऱ्याचं नाव मेलव्हिल ड्युई. महाराष्ट्रातलं कुठलंही महाविद्यालयीन ग्रंथालय उघडा, पुस्तकाच्या पाठीवर त्याचेच आकडे. मराठी साहित्याला ८९१.४६. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. १८७६ साली ड्युईने ज्ञानाचे दहा वर्ग पाडले. साहित्याच्या आठशेच्या घरात अमेरिकनांना ८१०, इंग्रजांना ८२०, मग जर्मन, फ्रेंच अशी ऐसपैस दालनं, आणि शेवटी उरलेल्या जगाला ८९० ची एक खोली. त्या खोलीत मराठी. धर्माच्या दोनशेमध्ये २२० ते २८० ख्रिस्ती धर्म. बाकी सगळ्या जगाचे देव २९० मध्ये दाटीवाटीने. हिंदू धर्म २९४.५, बौद्ध धर्म २९४.३. दशांश चिन्हानंतरची आमची शेपूट लांबत जाते ती त्यामुळे. अरुंद पाठीच्या काव्यसंग्रहावर वर्गांकाची चिठ्ठी मावत नाही, तेव्हा ड्युईची आठवण हमखास निघते.

हा माणूस साधा नव्हता. १८८३ ते १८८८ तो न्यूयॉर्कच्या कोलंबियात ग्रंथपाल होता. तिथे १८८७ मध्ये त्याने अमेरिकेतली पहिली ग्रंथपाल-शाळा काढली आणि विश्वस्तांच्या नाकावर टिच्चून तिच्यात बायकांना घेतलं. माझ्यासारख्या बाईने त्याचे उपकार मानायला हवेत. पण याच ड्युईच्या लेक प्लॅसिड क्लबमध्ये ज्यूंना मज्जाव होता, आणि तसं क्लबच्या पत्रकात छापलेलं होतं. न्यूयॉर्क राज्य ग्रंथालयाचा प्रमुख असलेला माणूस असा क्लब चालवतो, ही तक्रार १९०५ मध्ये न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाकडे गेली. मंडळाने कानउघाडणी केली आणि त्याच वर्षी त्याला पद सोडावं लागलं. बायकांशी त्याच्या वागणुकीबद्दलही तक्रारी होत्या. अमेरिकन ग्रंथालय संघाने आपल्या सन्मानपदकावरचं त्याचं नाव काढलं ते २०१९ साली. आकडे अर्थात तसेच राहिले. लाखो पुस्तकांच्या पाठी कोण खरवडणार?

ड्युईच्या देशाशी आपला धागाही जुना आहे. सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणलं. गावोगावची मुक्तद्वार वाचनालयं, पेट्यांमधून फिरणारी पुस्तकं, ग्रंथपालांचे वर्ग, हे सगळं त्या अमेरिकन वळणातून आपल्याकडे आलं. तीन वर्षांनी त्याच बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब उलट्या दिशेने न्यूयॉर्कला गेले, ते कोलंबियात. ड्युईची शाळा तोवर तिथून हलली होती. १९२६ मध्ये ती परतली आणि तिच्यातून १९३२ साली डोरोथी पोर्टर ही तरुणी ग्रंथालयशास्त्राची उच्च पदवी घेऊन बाहेर पडली. कोलंबियातून ही पदवी घेणारी ती पहिली काळी स्त्री. ड्युईचे आकडे ड्युईच्याच शाळेत शिकली आणि ते वाकवायला घेतले.

पोर्टर वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात होती. जेसी मूरलँड या धर्मोपदेशकाने १९१४ मध्ये दिलेला काळ्या लोकांविषयीच्या आणि काळ्यांनी लिहिलेल्या पुस्तकांचा संग्रह १९३० पासून लावायचं काम तिच्याकडे आलं. अशी पुस्तकं कुठे लावता, हे तिने इतर ग्रंथालयांत पाहिलं. उत्तर दोनच आकड्यांत होतं : ३२५ आणि ३२६. पहिला वसाहती-स्थलांतराचा, दुसरा गुलामगिरीचा. काळ्या माणसाने काहीही लिहो, इतिहास असो की शेतीशास्त्र, यातल्या एका खणात. जेम्स वेल्डन जॉन्सन हा कवी. त्याचा कवितासंग्रह, मुखपृष्ठावरचं नाव काळ्या माणसाचं एवढ्यावरून, ३२५ मध्ये. पोर्टरने हे पुढे मुलाखतीत सांगितलं आहे. तिने ते मानलं नाही. लेखकाप्रमाणे आणि विषयाप्रमाणे मांडणी केली : कविता कवितेत, संगीत संगीतात, वैद्यक वैद्यकात. पैसे नव्हते म्हणून प्रकाशकांना, पुस्तकविक्रेत्यांना पत्रं लिहून पुस्तकं मागितली. १९७३ मध्ये निवृत्त होईपर्यंत ती तिथे होती. आज तो मूरलँड-स्पिंगार्न संग्रह जगभरच्या अभ्यासकांचा पत्ता आहे.

जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. नुसतं शीर्षक वाचून वर्गांक देणारा एखादा तालिकाकार आजही ते पुस्तक ३२६ मध्ये घालील. पत्ता चुकीचा म्हणावा की बरोबर, यावर मी बरेचदा विचार केला आहे.

दुसऱ्याच्या चुका सांगताना आपली झाकून ठेवणं बरं नाही. नोकरीच्या पाचव्या-सहाव्या वर्षी मी उत्साहाने एक वेगळा रॅक केला. वर पाटी रंगवून घेतली : 'दलित साहित्य'. आत्मकथनं, कविता, नाटकं, वैचारिक सगळं एकत्र. चांगलं काम केलं असं वाटत होतं. एक दिवस द्वितीय वर्षाची एक मुलगी 'बलुतं' हातात घेऊन टेबलापाशी आली.

"मॅडम, हे आत्मचरित्रांत का नाही?"

"वेगळा रॅक केलाय ना त्यांचा. शोधायला सोपं जातं."

"कुणाला?"

तिने पुस्तक नोंदवून घेतलं आणि गेली. दया पवारांच्या 'बलुतं'ला १९७८ मध्ये ज्या वाङ्मयाने जागा करून दिली, त्याच वाङ्मयाच्या कपाटातून मी ते उचलून भिंतीकडे नेलं होतं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मात्र आत्मचरित्रांतच होती, 'ब्राह्मण साहित्य' अशी पाटी लावायचं मला सुचलं नव्हतं. तिकडे 'निग्रो'चा शिक्का, आणि माझ्या कपाटात मागासवर्गीय मुलांसाठीच्या समाजकल्याणच्या बुक बँकेची पुस्तकं, पहिल्या पानावर भलामोठा जांभळा शिक्का मारलेली. मुलं ती वाचनकक्षात वर्तमानपत्रात गुंडाळून धरायची. मला वाटायचं, कव्हर घालतात, नीटनेटकी पोरं आहेत.

पुन्हा अमेरिकेकडे वळते. व्हर्जिनियातलं अलेक्झांड्रिया हे वॉशिंग्टनच्या वेशीवरचं गाव. तिथलं क्वीन स्ट्रीटवरचं ग्रंथालय गोऱ्यांसाठी. सॅम्युएल टकर हा सव्वीस वर्षांचा काळा वकील तिथून काही गल्ल्यांवर वाढलेला. कार्ड मागितलं, नाकारलं गेलं, मग त्याने कोर्टाचा मार्ग धरला आणि सोबत दुसराही. २१ ऑगस्ट १९३९ रोजी पाच तरुण एकेक करून आत गेले. नीटस कपडे. प्रत्येकाने नम्रपणे कार्ड मागितलं. नाही म्हटल्यावर प्रत्येकाने कपाटातून एक पुस्तक घेतलं आणि वेगवेगळ्या टेबलावर जाऊन वाचत बसला. टकरने त्यांची आधी तयारी करून घेतली होती : बोलायचं नाही, भांडायचं नाही, वाचायचं. बातमी नगरपालिकेत गेली. पोलीस आले तोवर बाहेर गर्दी जमलेली, छायाचित्रकार हजर. 'चवदार तळ्या'नंतर बारा वर्षांनी ओंजळीच्या जागी पुस्तक होतं, असं मला हे वाचताना वाटून गेलं. दोन्ही ठिकाणी माणसांनी केलं ते एवढंच, की त्या जागेचा जो उपयोग असतो तो केला.

आरोप गैरवर्तनाचा. वाचण्यात कसलं गैरवर्तन, हे सरकारी पक्षाला सांगता येईना. न्यायाधीशाने निकाल दिलाच नाही, खटला नुसता लोंबकळत ठेवला. नगरपालिकेने तोडगा काढला : १९४० मध्ये काळ्यांसाठी रॉबिन्सन ग्रंथालय नावाची छोटी वेगळी इमारत. तिथलं कार्ड टकरला देऊ केलं गेलं. त्याने पत्र लिहून ते नाकारलं. वेगळ्या इमारतीतलं कार्ड त्याने मागितलंच नव्हतं.

दक्षिणेत पुढची पंचवीस वर्षं हे चालू राहिलं. सगळ्यांत विलक्षण युक्ती व्हर्जिनियातल्याच डॅनव्हिलची. तिथलं ग्रंथालय यादवीच्या शेवटी दक्षिणेकडच्या बंडखोर सरकारने ज्या वाड्यात मुक्काम केला त्याच वाड्यात. १९६० मध्ये काळे विद्यार्थी आत गेले, न्यायालयाने सर्वांना प्रवेश द्या म्हटलं, तर नगरपालिकेने आधी ग्रंथालय बंदच केलं. मग उघडलं ते टेबल-खुर्च्या काढून. सर्वांना समान प्रवेश, फक्त बसायचं नाही. काळ्यांशेजारी गोऱ्याला बसावं लागू नये म्हणून सगळ्यांनाच उभं केलं. कागदावर याहून तटस्थ नियम सापडणार नाही.

या सगळ्या काळात अमेरिकन ग्रंथालय संघ काय करत होता? १९३६ मध्ये रिचमंडच्या अधिवेशनात काळ्या प्रतिनिधींना वेगळं बसवलं, जेवणावळीत घेतलं नाही. ओरड झाल्यावर पुढची अधिवेशनं असा भेदभाव असलेल्या ठिकाणी घ्यायची नाहीत असं ठरलं. १९३९ मध्ये संघाने वाचकांच्या हक्कांची सनद केली. पण कुठल्या ग्रंथालयाने कुणाला आत घ्यावं हा स्थानिक प्रश्न, आपण त्यात पडायचं नाही, ही भूमिका. १९६३ मध्ये प्रवेशाची पाहणी केली, तेव्हा उत्तरेतल्या शहरांतही काळ्या वस्तीतल्या शाखा कमी आणि पुस्तकं कमी असं निघालं. त्यावर उत्तरेकडचे सभासद भडकले. दक्षिणेला बोल लावायचा तर लावा, आमच्या शाखांचं काय काढता?

१९६४ च्या सेंट लुईस अधिवेशनात मिसिसिपीच्या ग्रंथालय संघाचं ग्रंथालय सप्ताहाच्या कामाबद्दल कौतुक झालं. या संघाने काळ्या सभासदांना घेण्यापेक्षा राष्ट्रीय संघातून बाहेर पडणं पत्करलं होतं. ई. जे. जोसी हा जॉर्जियातला काळा ग्रंथपाल सभागृहात उठला. त्याला स्वतःला जॉर्जियाच्या संघाने सभासदत्व नाकारलेलं. त्याने ठराव मांडला : काळ्यांना न घेणाऱ्या राज्य संघांच्या कार्यक्रमांना राष्ट्रीय संघाच्या पदाधिकाऱ्यांनी जायचं नाही. ठराव पास झाला. १९७० मध्ये त्याने काळ्या ग्रंथपालांचं वेगळं मंडळ उभं केलं आणि १९८४ मध्ये तो ज्या संघाशी भांडला त्याचाच अध्यक्ष झाला.

तरीही तटस्थतेला मी सरसकट मोडीत काढणार नाही, आणि त्याला कारण आहे एमिली रीड. ही गोरी बाई अलाबामा राज्याच्या ग्रंथालय सेवेची प्रमुख. १९५९ मध्ये एका सेनेटरला मुलांच्या चित्रांच्या पुस्तकात राज्यद्रोह सापडला. 'द रॅबिट्स वेडिंग' – काळा ससा आणि पांढरी सशी यांचं लग्न! काढा म्हणाला. रीडने काढलं नाही. राखीव कपाटात ठेवलं, स्थानिक ग्रंथालयाने नावानिशी मागितलं तर पाठवायचं. तिने बाजू मांडली ती आमच्या पेशातल्या जुन्याच शिकवणीची : पुस्तक ठेवणं म्हणजे पुस्तकाशी सहमत असणं नव्हे. मग मार्टिन ल्यूथर किंगचं पुस्तक शिफारशीच्या यादीत का, वर्णभेदाबद्दल तुझं स्वतःचं मत काय, असे प्रश्न आमदारांनी सुरू केले. पुढच्या वर्षी ती अलाबामा सोडून गेली. तिच्या आधी १९५० मध्ये ओक्लाहोमातल्या बार्टल्सव्हिलच्या रूथ ब्राऊनला तीस वर्षांच्या नोकरीनंतर काढलं, कारण दाखवलं ते साम्यवादी मासिकांचं. काळ्या शिक्षिकांना घेऊन ती गोऱ्यांच्या उपाहारगृहात जेवायला गेली होती, हे कागदावर आलं नाही. तटस्थतेचा शब्द ज्याच्या हातात असतो त्याच्या कामी येतो. रीडने तो ढाल म्हणून धरला, डॅनव्हिलने खुर्च्या काढायला.

कर्मचाऱ्यांचं चित्र पाहिलं की बाकीचं थोडं उलगडतं. अमेरिकन ग्रंथालय संघाच्या २००९-१० च्या मोजणीत पदवीधर ग्रंथपाल १,१८,६६६. त्यांतले काळे ६,१६०, आणि त्यांत पुरुष अवघे ५६३. दर शंभरात अठ्ठ्याऐंशी गोरे. जिथे एवढे सगळे एकाच घरातले, तिथे घरातली रीत ही रीत वाटतच नाही, हवा वाटते. तालिकेत पुस्तक ज्या शब्दांखाली सापडतं, त्या विषयशीर्षकांच्या बाबतीत हेच होत आलं. अमेरिकी संसदेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या विषयशीर्षकांत 'यलो पेरिल', म्हणजे पिवळ्या लोकांचा धोका, हे शीर्षक १९८९ पर्यंत होतं. सॅनफर्ड बर्मन या तालिकाकाराने १९७१ मध्ये अशा शीर्षकांची जंत्रीच छापली, तेव्हा त्याला नाकं मुरडणारे पुष्कळ. 'बेकायदा परके' हे शीर्षक बदला म्हणून डार्टमथच्या विद्यार्थ्यांनी २०१४ मध्ये अर्ज केला. काँग्रेस ग्रंथालयाने २०१६ मध्ये होकार दिला, मग खासदारांनी खोडा घातला, आणि बदल झाला २०२१ मध्ये. एक शीर्षक, सात वर्षं.

२०१६ मध्येच कार्ला हेडन त्या ग्रंथालयाच्या प्रमुख झाल्या. पहिल्या स्त्री, पहिल्या काळ्या. ८ मे २०२५ रोजी त्यांना एका छोट्या ईमेलने काढून टाकण्यात आलं. मुलांसाठी अयोग्य पुस्तकं ठेवली, असंही कारण सरकारकडून सांगितलं गेलं. काँग्रेस ग्रंथालय मुलांना पुस्तकं घरी देत नाही, हे आमच्याकडच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं. त्याआधी एप्रिलमध्ये अनापोलिसच्या नौदल अकादमीतल्या निमिट्झ ग्रंथालयातून ३८१ पुस्तकं बाहेर काढली होती. माया अँजेलू यांचं आत्मचरित्र गेलं, हिटलरचं राहिलं. पुढे बहुतेक परत आली. पण ती शोधली कशी, तर तालिकेत शब्द टाकून. वंश, भेदभाव असले शब्द टाकून आधी सुमारे नऊशे पुस्तकं निवडली, त्यांतून ही. ज्या शीर्षकांसाठी तालिकाकार पन्नास वर्षं भांडले, ज्यामुळे पुस्तकं वाचकाला सापडू लागली, तीच शीर्षकं घेऊन कुणी दारोदार फिरलं.

अलेक्झांड्रियात २०१९ मध्ये न्यायालयाने त्या पाच तरुणांवरचे आरोप ऐंशी वर्षांनी काढून टाकले. रॉबिन्सन ग्रंथालयाच्या इमारतीत आज काळ्यांच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. क्वीन स्ट्रीटचं ग्रंथालय चालू आहे.

माझा रॅक मी कधीच मोडला. 'बलुतं' आत्मचरित्रांत गेलं, ढसाळ मर्ढेकरांच्या खालच्या खणात, वैचारिक वैचारिकात. पाटी बरीच वर्षं स्टोअररूममध्ये होती. यंदा जूनमध्ये पदव्युत्तर वर्गातला एक मुलगा आला. संशोधनाचा विषय घेतलेला.

"मॅडम, इथे दलित साहित्याचा वेगळा रॅक होता म्हणे. माझ्या आत्याने सांगितलं. तिला तिथेच बसून वाचायला आवडायचं, सगळं हाताशी असायचं. का काढलात?"

त्याला 'बलुतं' घेऊन आलेल्या मुलीची गोष्ट सांगितली. त्याला ती पटली आणि नाहीही पटली. पोर्टरचीही वेगळी खोलीच होती की, हे तोवर माझ्याही लक्षात आलेलं. शेवटी तो म्हणाला, निदान यादी तरी द्या, संगणकावर विषय टाकून काढता येईल ना? येते, मी म्हटलं. आणि मला निमिट्झच्या त्या याद्या आठवल्या. संगणक तसाच ठेवून मी उठले. दोघांनी मिळून पाच कपाटं फिरलो. त्याच्या वहीच्या मधल्या पानावर मी हाताने एकतीस नावं लिहून दिली, प्रत्येकापुढे वर्गांक, आणि कुठल्या कपाटात वरून कितव्या खणात ते.